उजव्या खांद्यावरची पाकळी

कुमुद आमच्या घरी आली त्याच्या आधी मी फार चांगली मुलगी होते. हे माझं मीच सांगते आहे, कारण सांगणारं दुसरं कुणी आता उरलेलं नाही, आणि कुमुदला विचाराल तर ती नुसती हसेल. आईनानांची मी एकुलती एक. दौलतगंजात एका कपड्याच्या दुकानावर आमच्या तीन खोल्या होत्या. खाली दिवसभर थान उलगडल्याचा फडफडाट आणि गिऱ्हाइकांची हुज्जत, वर आईच्या पाट्यावरवंट्याचा आवाज. आमचे पूर्वज दख्खनेतून इकडे उत्तरेत दरबारी पुजारी म्हणून आले. पुढे दरबार गेला, पूजा तेवढी घरात राहिली, आणि पोटासाठी नानांनी नई सडकेवर बाइंडिंगचं दुकान काढलं. शाळांची रजिस्टरं, वकिलांच्या फायली आणि कुणाकुणाच्या जुन्या पोथ्या यायच्या. नानांच्या अंगाला कायम खळीचा वास असायचा. मैदा शिजवून ते घरीच खळ करायचे आणि कीड लागू नये म्हणून तिच्यात चिमूटभर मोरचूद टाकायचे, त्यामुळे ती जराशी निळसर दिसायची. 'तिला हात लावून तो तोंडात घालशील तर खबरदार,' असं आई मला रोज बजावायची. मी कशाला घालते? मी शहाणी होते.

चातुर्मासात आमच्याकडे रोज दिवेलागणीला पोथी असायची. नाना दुकान बंद करून यायचे, हातपाय धुऊन पाटावर बसायचे आणि लाल फडक्यातून पोथी सोडायचे. ऐकायला समोरच्या बिऱ्हाडातल्या गोदूमावशी, खालचे दुकानदार गुप्ताजी आणि एकदोन म्हातारे यायचे. गुप्ताजींना मराठी निम्मंच कळायचं, पण ते डोळे मिटून डोलायचे सगळ्यांपेक्षा जास्त. पहिल्या वीस ओव्या वाचायचा मान माझा. आठव्या वर्षापासून मी त्या वाचायची, न अडखळता, न खाकरता. माझं वाचून झालं की नाना चष्मा लावायच्या आधी माझ्याकडे बघून एकदाच मान हलवायचे. त्या एका मान हलवण्यासाठी मी दुपारभर गॅलरीत बसून पाठ करायची. शेवटी शिंगाड्याच्या पिठाची बर्फी वाटायचं कामही माझंच, आणि पहिला तुकडा मी नानांच्या हातावर ठेवायची. सांगायचं कारण, त्या घरात माझी जागा कुठे होती ते कळावं.

मी तेरा वर्षांची होते तेव्हा नाना माझ्या आत्याच्या मुलीला घेऊन आले. आत्या त्या उन्हाळ्यात वारली होती, तिचा नवरा त्याआधीच गेला होता. कुमुद माझ्याहून एका वर्षाने लहान, काळीसावळी, दोन्ही वेण्या कानामागे घट्ट बांधलेल्या, हातात एक पत्र्याची पेटी. पहिल्या दिवशी मी तिला माझी उशी दिली. आई म्हणाली, "बघा, किती गुणाची." खरंच होते. पण आठवड्याभरात मला दिसायला लागलं की ही मुलगी माझ्याआधी उठते. मी डोळे चोळत देवघरात जाईपर्यंत कालची फुलं काढून झालेली असायची, ताम्हन घासून उपडं घातलेलं असायचं. हे माझं काम होतं. मी आईला म्हटलं, तर आई म्हणाली, "करते तर करू दे ना, तुला तेवढाच अभ्यास होईल." आता मला कळतं की दुसऱ्याच्या घरात राहणारं पोर उगाच लवकर उठत नाही. तेव्हा मात्र मला एवढंच कळलं की माझं एक काम गेलं.

वाचायला तिला काही येत नव्हतं. ती आजवर हिंदी शाळेत शिकलेली, मराठी अक्षर लावून लावून वाचायची, त्यामुळे पोथीच्या वेळी मी निर्धास्त होते. ती भिंतीला टेकून गुडघ्यांवर हनुवटी ठेवून ऐकायची. आणि मग एका संध्याकाळी वन जाळण्याचा अध्याय आला. अग्नीला भूक लागते, त्याला अख्खं अरण्य खायला हवं असतं, आणि देव स्वतः हो म्हणतो. एवढंच नाही, देव आणि त्याचा धनुर्धर सखा वनाच्या दोन बाजूंना उभे राहतात, म्हणजे आतलं काही बाहेर पळायला नको. हरणं, हत्ती, साप, पिलांना पोटाशी धरलेले पक्षी, जे जे बाहेर येईल ते बाणाने पुन्हा आगीत. मी माझ्या वीस ओव्या खणखणीत वाचल्या होत्या. नाना पुढचं वाचत होते, म्हातारे हरि हरि म्हणत होते, गुप्ताजी डोलत होते. दर वर्षी हा अध्याय असाच जायचा.

"मामा," कुमुद म्हणाली, "पाखरांनी काय बिघाडलं होतं?"

अध्याय चालू असताना बोलायचं नाही हा आमच्याकडचा नियम, आणि एकदा उघडलेला अध्याय अर्धा ठेवायचा नाही हा त्याहून मोठा. गोदूमावशींनी ओठांवर बोट ठेवलं. नाना म्हणाले, "देवाची करणी आहे बाळ, तिला का म्हणून विचारायचं नसतं." आणि पुढची ओळ वाचायला लागले. कुमुदने खाली मान घातली, पण पुटपुटली, "तो जळायला लावून राहिला आणि ते उडून जात होते तर जाऊ द्यायचे होते. जाऊ द्यायला काय जात होतं?" ती कुणाला उलटून बोलत नव्हती. तिला खरंच कळत नव्हतं. नाना थांबले. त्यांनी ते पान हातात धरलं, एकदा वाचलं, मनातल्या मनात पुन्हा वाचलं. मग चष्मा काढला आणि म्हणाले, "आज इथंच राहू दे." पोथी फडक्यात बांधली गेली. अध्याय अर्धा राहिला. माझ्या उभ्या आयुष्यात ते पहिल्यांदा झालं, आणि झालं ते तिच्यामुळे. बर्फी वाटायची मी विसरले, आणि नानांनी मागितलीही नाही.

दुसऱ्या दिवसापासून नाना तिला शाळा सुटल्यावर दुकानात बोलवायला लागले. मी पाच वर्षं खणखणीत वाचत होते, मला दुकानात कधी बोलावलं नव्हतं. मुलींनी बाजारात बसायचं नसतं म्हणायचे. मी एकदा डबा घेऊन गेले तर दोघं समोरासमोर. नाना छापील पानांच्या घड्या हातोडीने ठोकत होते, ती सुईत दोरा ओवून देत होती, आणि बोलणं चाललं होतं ते त्या वनाचं. नाना म्हणत होते, "चार पिल्लं वाचली बरं का त्यात, पुढे येतं." ती म्हणत होती, "चारच?" आणि नाना हसले. हातोडी बाजूला ठेवून, मान मागे टाकून हसले. माझ्या वाचण्यावर ते कधी हसले नव्हते, रडले नव्हते, फक्त मान हलवली होती. मी डबा आपटला. कोशिंबिरीचं पाणी फायलींवर सांडलं आणि बोलणी मला बसली.

मग मीही एक प्रश्न तयार केला. दोन दिवस त्यावर खपले. रात्रीचं जेवण चालू होतं, आमटी-भात आणि भोपळ्याच्या फुलांची भजी, आणि मी घास खाली ठेवून अगदी दयाळू चेहरा करून म्हटलं, "नाना, मलाही त्या हत्तींचं फार वाईट वाटतं." नाना म्हणाले, "हं. भजी घे." संपलं. मी भजी घेतली. आज हे लिहिताना मला हसू येतं, पण त्या भज्यांची चव मी अजून विसरलेले नाही, आणि ती काही चांगली नाही. हेवा म्हणजे काय हे पुढे मी पुष्कळ ठिकाणी पाहिलं, ऑफिसात, जावाजावांत, पण त्या आमटी-भाताच्या ताटावरच्याइतका निव्वळ कुठेच नाही. मला तिच्यासारखं व्हायचं नव्हतं. मला ती नको होती.

अर्धा राहिलेला अध्याय आईच्या मनाला मात्र लागून राहिला. दूध नासलं, जिन्यावरून पडून तिचा पाय मुरगळला, तरी ती त्या अध्यायावर घालायची. नाना रोज पुढचे अध्याय वाचत, पण त्या पानाकडे परत जात नव्हते. "उत्तर मिळालं की वाचीन," म्हणायचे. अशात बीन्याहून कुमुदच्या काकाचं पत्र आलं. मुलगी आमच्या कुळाची आहे, आम्ही नेतो. त्याच्या घरात चार लहान मुलं होती, बायको अंथरुणाला खिळलेली. पत्र वाचून नाना म्हणाले, "नेतील आणि पोळपाटाला जुंपतील. शाळा सुटलीच तिची." हे मी ऐकलं होतं. हे मला माहीत नव्हतं असं मी कुणाला सांगणार नाही. आई म्हणाली, "हक्क तर त्यांचाच आहे ना. आणि आपल्याकडे आधीच काय कमी विघ्नं आहेत. देवाला विचारा." पत्राची घडी घालत नाना म्हणाले, "विचारतो."

देवाला विचारायची आमची एक रीत होती, ती दख्खनेतूनच देवाबरोबर आलेली. कौल लावणं म्हणतात तिला. आमचा देव म्हणजे वीतभर उंचीची काळ्या पाषाणाची मूर्ती. तिला स्नान घालायचं आणि ओल्या अंगावरच फुलाच्या दोन पाकळ्या चिकटवायच्या, एक उजव्या खांद्यावर, एक डाव्या. कशासाठी कोणती ते आधी बोलायचं. अंग सुकत आलं की एक पाकळी आधी पडते, तो देवाचा शब्द. एका प्रश्नाला एकदाच कौल, पुन्हा लावायचा नाही. घर घ्यायचं की नाही, आजोबांना पुण्याला न्यायचं की नाही, सगळं असंच ठरलेलं. उजवी पडली तर कुमुद राहील, डावी पडली तर जाईल, असं नानांनी सांगितलं. कुमुद तिथेच उभी होती. तिने ऐकलं आणि मान हलवली.

नानांनी देवाला न्हाऊ घातलं, आसनावर ठेवलं, आणि पाकळ्या राहिल्या म्हणून गॅलरीतल्या कुंडीकडे गेले. आई कुमुदला घेऊन आत लुगडं बदलायला गेली होती. देवघरात मी एकटी. माझ्या परकराच्या ओच्यात सकाळपासून खळीची पुडी होती. म्हणजे मला अचानक सुचलं असंही म्हणायची सोय नाही. मी बोटाच्या टोकावर खळ घेतली आणि देवाच्या उजव्या खांद्यावर पातळ फिरवली. ओल्या दगडावर ती दिसलीसुद्धा नाही. बाइंडरची मुलगी मी, किती लावली की धरते आणि दिसत नाही हे मला ठाऊक होतं. आणि खरं सांगू, मला भीती वाटली नाही. मला वाटलं, देवाला तरी कुठे वाटली होती पाखरं मारताना?

डावी पाकळी पडली. वेळ फार लागला नाही. आई रडायला लागली, तिनेच विचारायला सांगितलं होतं तरी. कुमुद रडली नाही. तिने जाऊन पत्र्याची पेटी ओढली आणि तिच्यातले कपडे पुन्हा घडी करून ठेवायला लागली. नाना देवापुढे तसेच बसले होते. उजवी पाकळी खांद्यावर होती तशी होती. निर्माल्य दुसऱ्या दिवशीच काढायचं, म्हणून ती तशीच राहिली, आणि मी रात्रभर गाढ झोपले. हेही सांगून टाकते.

तीन दिवसांनी काका आला. चांगला गोडबोल्या माणूस. आईने त्याला बेडईच्या पुऱ्या आणि बटाट्याची भाजी वाढली, त्याने चारदा मागून घेतली. जेवण झाल्यावर म्हणाला, "चला बेटा, चारची गाडी पकडायची आहे." कुमुद पेटी घेऊन उभी राहिली. नाना दाराशी आले आणि तिच्या हातातून त्यांनी पेटी घेतली. मला वाटलं, ते जिना उतरून पोचवायला निघाले. त्यांनी पेटी नेऊन परत पलंगाखाली सरकवली.

"ती जाणार नाही," नाना म्हणाले.

काका हसला. "अहो, पण वहिनी तर म्हणाल्या कौल लावला, देवाने जा म्हटलं."

"म्हटलं. देवाने जा म्हटलं. मी नाही म्हणतो."

"देवाचा शब्द मोडणार तुम्ही? पुजाऱ्याच्या घरात?"

"मोडतो," नाना म्हणाले. त्यांचा आवाज कापत होता, मी माझ्या कानांनी ऐकला. "जे काय पाप लागायचं ते मला लागू दे." मग आईकडे वळून, जणू तिने काही विचारलं होतं अशा सुरात म्हणाले, "त्या वनापाशी दोघं उभे होते. एकाने तरी नको म्हणायला पाहिजे होतं." काका बडबडत जिना उतरला. त्या संध्याकाळी नानांनी तो अर्धा अध्याय उघडला आणि स्वतःच पहिल्या ओवीपासून शेवटपर्यंत वाचला. माझ्या वीस ओव्या त्यांनी मला त्या दिवशी मागितल्या नाहीत.

मी जळत राहिले, पण मनाशी एक समजूत काढून. मी म्हटलं, नानांना कळलं. दुसऱ्या दिवशी सकाळी देव उचलताना त्यांच्या बोटाला खळ लागली असणार, आणि खळ ओळखायला नानांना डोळे लागत नसत. त्यांनी माझी लबाडी ओळखली आणि गुपचूप निस्तरली. देवाला वगैरे कुणी नाही म्हटलं नव्हतं, नाही म्हटलं होतं ते मला. मला कधी रागावले नाहीत ते त्यांचं मोठेपण. ही समजूत मी लग्नात बरोबर नेली, नोकरीत नेली, नाना गेले तेव्हाही धरून होते. हिच्यामुळे कुमुदचा हेवा जरा सुसह्य होता. ती शिकली, शिक्षिका झाली, नानांच्या शेवटच्या आजारात तिनेच त्यांना भरवलं, आणि मी म्हणायची, ठीक आहे, पण आमच्या दोघांचं एक गुपित आहे जे तिला माहीत नाही.

गेल्या महिन्यात मी थाटीपुरला तिच्या घरी गेले होते. आमचे गुडघे आता चारही मिळून एकीला पुरतील इतपत राहिलेत, तरी महिन्यातून एकदा मी रिक्षा करून जाते. तिची नातसून चहा ठेवून गेली, "दादी, शक्कर कम डाली है," म्हणाली. मला काय झालं कुणास ठाऊक, मी म्हटलं, "कुमुद, तो कौल मी फिरवला होता. उजवीकडे खळ होती."

"माहीत आहे मला," ती म्हणाली.

"नानांनी सांगितलं?"

"त्यांना कुठे माहीत होतं? निर्माल्य मी काढायची ना. दुसऱ्या दिवशी पाकळी निघेना. नखाने खरवडली तर निळसर पापुद्रा. ओल्या फडक्याने पुसून काढला सगळा, मामा उठायच्या आधी."

चहा माझ्या हातात होता तो मी खाली ठेवला. मला नाना दिसायला लागले. त्या वर्षापासून सोमवारी ते जेवत नसत; आईने विचारलं तर म्हणायचे, देवाचं थोडं देणं आहे. आईला अर्धांगवायू झाला तेव्हा तिच्या उशाशी बसून म्हणाले होते, "मला व्हायला पाहिजे होतं, हिला का दिलं?" मी तिथेच होते. मी म्हटलं होतं, "नाना, काहीतरी काय बोलता." मला वाटलं होतं, म्हातारं माणूस दुःखात बोलतंय. त्यांना खरंच वाटत होतं की देव शिक्षा करतोय. अठ्ठावीस वर्षं वाटत होतं, आणि माझ्या एका वाक्यात ते संपलं असतं.

"सांगितलं का नाहीस गं त्यांना?" मी विचारलं. तिलाच विचारलं, बघा माझी कमाल.

"दोनदा सांगायला गेले. पण सांगायचं म्हणजे तुझं नाव घ्यावं लागलं असतं. तुमच्या घरात राहत होते मी, शरू." तिने कपातली साय बोटाने बाजूला केली. "नंतर वाटलं, तू सांगशील."

शरम वाटायला हवी होती आणि वाटत होती, भरपूर. पण तिच्या खालून, इतक्या वर्षांनी, तेच जुनं वर आलं. म्हणजे नाना खरोखरच देवाला नाही म्हणाले होते. देवाचाच शब्द समजून, भीत भीत, आवाज कापत असताना, आणि तो तिच्यासाठी. पंच्याहत्तराव्या वर्षी लाज सोडून मी विचारलं, "माझ्यासाठी मोडला असता का गं त्यांनी?"

कुमुद माझ्याकडे बघत राहिली, मी काहीतरी फार खुळ्यासारखं विचारल्यासारखी.

"तुझ्यासाठी कौल लावायचं कुणाच्या मनातसुद्धा आलं नसतं," ती म्हणाली. "मला किती हेवा वाटायचा तुझा."